बाबांनी वाचलेला सातवा भाग

सिनेमा येणार ही बातमी बहिणीने फोनवर आधी दिली आणि स्वतःच्या आजाराची नंतर. मध्ये वाडीतल्या पंपाची मोटर जळल्याचंही सांगून झालं. "दादा, आपल्या पुस्तकांवर सिनेमा निघतोय, मोठा, मुंबईची कंपनी आहे," असं म्हणताना तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा झाला होता. मग मोटर. मग, "आणि हो, ते रिपोर्ट आलेत. काही खरं नाही म्हणाला डॉक्टर." मी तिच्यावर ओरडलो. असल्या गोष्टी सांगायची ही काय पद्धत झाली? ती म्हणाली, "तुला चांगली बातमी नीट ऐकता यावी म्हणून."

मी पुण्याचं घर बंद केलं आणि गावी आलो. आमचं गाव रेवदंड्याची खाडी ओलांडली की काशीदच्या अलीकडे, रस्त्याला लागून. बहिणीने लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, आणि चक्रीवादळाने आडव्या केलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावत बसली. पोफळीला सुपारी धरायला किती वर्षं लागतात हे तिला माहीत होतं. तरी लावत होती. मला तिच्या या स्वभावाचा फार राग यायचा.

मुंबईच्या इलाजाला तिने दोन फेऱ्यांनंतर नाही म्हटलं. पलंग माजघरातल्या खिडकीशी घेतला, म्हणजे वाडी दिसेल. आणि माझ्याकडे एकच मागणी केली. सिनेमाच्या निमित्ताने त्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली होती, तो संच आणायचा आणि तिला वाचून दाखवायचा. तिच्याच्याने पुस्तक धरवत नव्हतं. "सिनेमाच्या आधी एकदा सगळं उजळून घेऊ," ती म्हणाली. "आणि शेवटचा सीन थेटरात बघितला की मी मोकळी."

शेवटच्या सीनचं नाव निघालं आणि मी पंपाच्या मोटरीचा विषय काढला. तो का, हे सांगायचं तर आधी पुस्तकांबद्दल सांगायला हवं.

लहान मुलांसाठी लिहिलेली सात भागांची अद्भुत गोष्ट होती ती. आमच्या पिढीत पुष्कळांनी वाचली होती. किनाऱ्यावरच्या एका गावात दोन भावंडं असतात. मोठी ओहोटी लागली की समुद्र खूप मागे सरतो आणि त्याच्या तळाचा एक मुलूख उघडा पडतो. तिथे कधीच न झोपणारा राजा आहे, आणि एक लंगडा बगळा आहे, जो वाट दाखवतो पण अर्धीच. पहिल्या भागात मुलांची आई वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत वेचत त्या मुलखात शिरते, आणि भरती येते. पुढच्या प्रत्येक भागात मुलं तिला शोधायला जातात आणि पाणी चढायच्या आत हात हलवत परत येतात.

लेखक देशावरचा असावा. त्याने ती मोठी ओहोटी अष्टमीला लावली होती. अष्टमीला आमच्याकडे पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबा वाचताना तिथल्या तिथे दुरुस्ती करायचे. पुस्तकात अष्टमी, बाबांच्या तोंडी अमावास्या. कुठे वारा उलटा वाहिलेला असला तर तोही सरळ करायचे. लेखकाने भावंडांच्या घरी रोज पोळी-भाजी शिजवली होती, बाबांनी तिथे भात घातला. आम्हां सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. माल घरात आला की आपण निवडून घेतोच.

'आम्हां सगळ्यांना' म्हणजे पडवीतल्या बायकांनाही. थंडी सरत आली की वाळलेली असोली सुपारी सोलायला कोळीवाड्यातल्या आणि आसपासच्या बायका आमच्या पडवीत बसायच्या. पाटावर बसायचं, लोखंडी पात्याने टरफल फोडायचं, आतली सुपारी सुपात टाकायची. बाबा मास्तर. शाळा सुटली की झोपाळ्यावर बसून ते वाचायचे. बायकांचे हात चालू आणि तोंडं बंद राहतात, म्हणून कामावर लक्ष ठेवणारी आमची आत्या खूश असायची. बाबांना मुळात श्रोते हवे असायचे. मी आणि बहीण टरफलांच्या ढिगात बसून ऐकायचो. टरफलांचा तो तुरट, धुरकट वास मला अजून कुठे आला तर मी मान वळवून बघतो.

सहा भाग आमच्या घरचे होते. सातवा निघायच्या आधी आमची आई गेली.

तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं होतं. बाबा एकटे परत आले. मला अंगणात बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. मी मोठा होतो. बहीण लहान होती, तिला आत्याने सांगितलं की आई बरी झाली की येईल. शेजारणींनीही तेच सांगितलं. शाळेतल्या बाईंनीही. तेव्हा ती रोज संध्याकाळच्या एसटीला जाऊन उभी राहू लागली. गाडी थांबायची, माणसं उतरायची, ती एकेकाच्या मागे वाकून बघायची. कंडक्टर तिला ओळखू लागला होता. तो बेल मारताना दुसरीकडे बघायचा. मला तिला आणायला पाठवायचे आणि मी तिला दंडाला धरून ओढत आणायचो. बाबांनी तिला का सांगू नये, याचा मला तेव्हा संताप यायचा. आता मला वाटतं, त्यांच्या तोंडून ते शब्द निघतच नव्हते. वर्गाच्या वर्ग गप्प करणारा तो माणूस, पण त्या पोरीपुढे त्याला बोलता येत नव्हतं.

त्याच वर्षी सुपारीच्या हंगामात बाबांनी अलिबागच्या वाचनालयातून सातवा भाग आणला. येताना एसटीत त्यांनी तो वाचून काढला असणार. पडवीत रोज थोडं थोडं करत शेवटचं प्रकरण आलं. मुलांना त्या मुलखात आई सापडते. भरती सुरू होते. बगळा म्हणतो, आता पळा. आणि बाबांनी वाचलं, की आई त्यांच्याबरोबर थोडं चालली आणि मग थांबली. तिला तिथून पुढे येता येत नव्हतं. तिने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, मागे बघू नका, पाणी वाढतंय. मुलं किनाऱ्यावर आली. मागे बघितलं तेव्हा सगळा समुद्र होता. मग मुलं घरी गेली.

"मग?" बहिणीने विचारलं.

"मग त्यांनी चूल पेटवली," बाबा म्हणाले, "आणि भाताला आधण ठेवलं. संपलं."

पडवीतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. सुपारी सोलायची थांबली होती आणि आत्या त्यावरून काही बोलली नाही. बहीण रडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने तिला आणायला एसटीच्या थांब्यावर गेलो, तर ती तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात आत्याच्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. पुस्तक वाचनालयात परत गेलं.

पुढे कॉलेजात असताना वसतिगृहाच्या वाचनालयात मला सातवा भाग मिळाला. म्हटलं, बघू तरी. त्यात आई परत येते. मुलांचा हात धरून, पाण्याच्या पुढे धावत, साडी चिंब भिजलेली, ती किनाऱ्याला लागते. पुस्तकाचं शेवटचं वाक्य तिचं आहे. ती घराच्या दारात उभी राहून विचारते, "जेवलात का रे दोघं?" खाली चित्र आहे, दारातल्या आईचं. मी ते पुस्तक खोलीच्या भिंतीवर फेकून मारलं. खोलीतल्या मुलाला वाटलं, मी परीक्षेत नापास झालो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा मी बाबांना विचारलं. बहीण विहिरीवर होती. बाबांनी चष्मा धोतराला पुसला, डोळ्याला लावला, पुन्हा काढून पुसला. "लेखकाचं चुकलं होतं," ते म्हणाले. "ते अष्टमीचं चुकलं होतं ना, तसंच." त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी बहिणीला सांगितलं नाही, आणि न सांगण्यात मला काही चूक वाटली नाही. आजही वाटत नाही.

कारण तिने त्या शेवटावर सगळं उभं केलं होतं. "मला सगळ्यांनी खोटं सांगितलं," ती म्हणायची, "आत्याने, शेजारणींनी, बाईंनी. एका त्या पुस्तकाने खरं सांगितलं." सातवा भाग तिने पुन्हा शोधला नाही. कशाला शोधायचा, पाठ आहे, म्हणायची. शाळेत तीस-पस्तीस वर्षं दर वर्षी तिने पोरांना ती गोष्ट तोंडी सांगितली, बाबांच्या शेवटासकट. ज्यांचा बाप बोटीवरून आला नाही, ज्यांची आई कुणाबरोबर निघून गेली, अशा मुलांना ती मुद्दाम पुढच्या रांगेत बसवायची. आमच्या पंचक्रोशीत आता दोन पिढ्या अशा आहेत की ज्यांच्या लेखी त्या गोष्टीत आई परत येत नाही. छापलेलं काहीही असो.

आणि आता सिनेमा. सिनेमावाले आईला परत आणणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. पुस्तकात आणलेली आई सिनेमा कशाला सोडतोय?

मी संच आणला, पण तिच्यापुढे ठेवले सहाच भाग. सातवा पुण्याहून आणलेल्या पेटीत, कपड्यांच्या खाली घातला. बहिणीला सांगितलं, सातवा संपलाय, मागवलाय, येईल. तिने ऐकून घेतलं. दुपारची पेज झाली, औषधाची गुंगी थोडी उतरली, की मी वाचायचो. मीही अष्टमीची अमावास्या करत होतो. एकदा चुकून 'अष्टमी' वाचलं तर डोळे मिटून पडलेल्या बहिणीने "अमावास्या" म्हणून मला सुधारलं.

सिनेमा दिवाळीच्या सुट्टीत येणार होता. मग तो नाताळवर गेला. बहिणीने पंचांग काढून हिशेब मांडला आणि म्हणाली, नाताळपर्यंत ढकलू. मग तो मे महिन्यावर गेला. या वेळी तिने पंचांग मागितलं नाही. मी बाहेर पडवीत येऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटलंय. सिनेमा पुढे जावा, अजून पुढे जावा, असं मी रोज मनात म्हणत होतो. तो पुढे जाणं म्हणजे काय आणि त्या आधी काय व्हायचं, हे मला व्यवस्थित कळत होतं. तिला जे एकच बघायचं होतं ते तिला बघायला मिळू नये, आणि त्यासाठी तिने आधी जावं, इतकी साधी ती इच्छा होती. देवाकडे कधी काही मागितलं नाही मी, आणि मागितलं ते हे. मला स्वतःची शिसारी आली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितलं.

तिच्यात आता काही उरलं नव्हतं. नर्स एक दिवसाआड येऊन जायची आणि जाताना माझ्याशी हळू आवाजात बोलायची. खिडकीतून दिसणाऱ्या नव्या पोफळी गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघायचीही थांबली होती.

एका सकाळी कोळीण पाटी घेऊन आली. लहानपणी ती स्वतःच्या आईबरोबर आमच्या पडवीत सुपारी सोलायला यायची, बाबांची श्रोती. मासळी आता घरात कुणी खात नव्हतं, तरी ती पायरीवर टेकायची, विचारपूस करायची. त्या दिवशी ती जरा घुश्शातच होती.

"भाऊ, नातवानं मोबायलवर दाखवला त्यो सिनेमा. थोडासाच हाय. त्यात ती आय परत येते."

मी तिला हाताने खुणावलं, हळू.

"मास्तरांनी वाचलं तवा न्हवती आली," ती आवाज खाली आणून म्हणाली. "आमी रडलो व्हतो सगल्या. माजी आय तर जेवली न्हाय त्या दिवशी. मंग आता ही कशी आली?"

"सिनेमा आहे तो," मी म्हणालो.

"सिनेमा हाय म्हून काय कायपन दाखवायचं?" तिने पाटी डोक्यावर घेतली. "बायला दावू नको."

मी आत जाऊन बहिणीचा मोबाइल उचलला आणि चार्जिंगला लावतो म्हणून स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला. दिवसभर ठेवला. तिने मागितला तेव्हा रेंज नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नर्स आली, तिने बिचारीने भलेपणाने तो नेऊन तिच्या हातात दिला. व्हॉट्सअॅपवर तिच्या जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागली होती. सगळ्यांनी सिनेमाची तीच झलक पाठवली होती आणि खाली तक्रारी. बाई, हे काय? बाई, तुम्ही तर सांगितलं होतं आई येत नाही. एकाने लिहिलं होतं, बाई, मी लहान असताना माझी आई गेली तेव्हा तुम्ही मला हीच गोष्ट सांगितली होती, आता मी माझ्या मुलीला हा सिनेमा कसा दाखवू?

मी सकाळची पेज घेऊन आत आलो तेव्हा ती बघत होती. मोबाइलमधून बासऱ्या आणि ढोल वाजत होते. पडद्यावर लख्ख उन्हात एक देखणी बाई ओल्या वाळूतून धावत येत होती आणि दोन मुलं तिच्या कमरेला मिठी मारत होती. संपलं. बहिणीने ते पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं. मी पेजेचा वाडगा धरून उभा. आता विचारेल, असं मला वाटलं. आता म्हणेल, सातवा भाग कुठाय?

"त्या डायरेक्टरने वाट लावलीन् रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई गेली तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, स्वतःचे रिपोर्ट आले तेव्हाही ऐकलं नव्हतं. "सगळी वाट लावलीन्. आता ही पोरं थांब्यावर जाऊन उभी राहतील. जातील की नाही सांग. रोज जातील."

मी म्हणालो, सिनेमाच आहे, दोन दिवस चालतो आणि उतरतो. ते तिला पटलं नाही, मलाही पटलं नव्हतं. तिने एकेका विद्यार्थ्याला उत्तर लिहायला घेतलं. बोटं चालेनात, म्हणून मला सांगितलं. मी लिहिलं: 'सिनेमात बदललंय. खरी गोष्ट मी सांगितली तीच.' प्रत्येकाला तेच लिहिलं.

दुपारी म्हणाली, "दादा, सातवा आला असेल तर वाच. मला एकदा खरा शेवट ऐकायचाय. तो ढोल कानातून जात नाहीये."

पेटीतून पुस्तक काढलं. म्हटलं, कालच आलं, सांगायचं राहिलं. मुखपृष्ठावर सिनेमातली तीच बाई होती, म्हणून मी ते आतल्या बाजूला दुमडून धरलं. शेवटचं प्रकरण उघडलं. भरती सुरू होते. बगळा म्हणतो, आता पळा. इथपर्यंत छापील आणि बाबांचं एकच होतं. पुढच्या ओळीत आईने दोघांचे हात धरले होते आणि ती धावत होती. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला बाबांचे शब्द आठवेनात. इतकी वर्षं मनात बाळगलेली गोष्ट, आणि ऐन वेळी काही नाही.

"आई त्यांच्याबरोबर थोडं चालली," बहीण डोळे मिटून म्हणाली.

"आई त्यांच्याबरोबर थोडं चालली," मी वाचलं, "आणि मग थांबली."

"तिला तिथून..."

"तिला तिथून पुढे येता येत नव्हतं."

असं आम्ही दोघांनी मिळून वाचलं. ती एक शब्द द्यायची, मी वाक्य करायचो. छापलेली आई माझ्या बोटाखालून धावत किनाऱ्याकडे येत होती आणि मी तिला वाक्यावाक्याला मागे ठेवत होतो. बाबांना हे एकट्याने, पडवीभर माणसांसमोर, आवाज न हलवता कसं जमलं, मला माहीत नाही. मी पान उलटलं. खाली ते चित्र आलं.

"चित्र आहे का रे?" तिने विचारलं.

"नाही. या आवृत्तीत नाही."

"बाबांच्यातही नव्हतं," ती म्हणाली.

मागे बघितलं तेव्हा सगळा समुद्र होता. मग मुलं घरी गेली. मग त्यांनी चूल पेटवली आणि भाताला आधण ठेवलं. मी इथे थांबलो. तिचा चेहरा शांत झाला होता. पानाच्या तळाशी, चित्राच्या वर, दारातल्या आईची शेवटची ओळ तशीच होती, आणि माझी नजर तिथून हलेना.

"थोडं जेवतेस का ग?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

मी पुस्तक मिटून पेटीत ठेवलं. सकाळचा वाडगा तसाच होता, तो उचलला. स्वयंपाकघरात भात झालेला होता. मी एकाचंच पान घेतलं.